पहिला चार्ज

रविवार, २२ जानेवारी १९८९

ठाण्याला जाऊन आले. ‘नोकरदार महिला आणि नेतृत्व’, एक दिवसाचं शिबिर, जेवणासह. आमच्या एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे रविवारसाठी एक रजा खर्ची पडली. शीळफाट्याला ट्रक आडवा झाला होता, बस तिथेच उभी. तरीही एकंदरीत फायदेशीर.

मार्गदर्शक मिसेस दळवी. आवाज खणखणीत. दिवसभरात एकदाही हसल्या नाहीत. त्यांच्या मते बायका नोकरीत मागे राहतात त्या तीन सवयींमुळे: सारखं हसणं, कोणी न मागता खुलासे देणं, आणि जबाबदारी समोर आली की शंका काढत बसणं. हसू नका. खुलासा करू नका. विचारू नका, घ्या.

शेजारी कल्याणची एक बँकेतली बाई होती. जेवताना म्हणाली, "मी हसले नाही तर काउंटरवरची पोरं माझं काम करतील का हो?" अशा बायका पुढे जात नाहीत. (निघताना कळलं, ती शाखाधिकारी आहे. अपवाद असतात.)

शेवटी मिसेस दळवी म्हणाल्या, पुढच्या वर्षी तुमच्यापैकीच एक यशस्वी भगिनी इथून बोलेल. म्हणताना माझ्याकडे पाहिलं. जेवणानंतर फार थोड्या जणी जाग्या होत्या हे खरं. पण पाहिलं.

३१ मार्चला लेले साहेब निवृत्त होतात. आमच्या रंगाच्या कारखान्यातली लॅब इन-चार्जची जागा रिकामी होणार. लॅबमध्ये त्यांच्यानंतर मी. माझ्यानंतर मधु चित्रे, सेकंड क्लास, सतत हसतो, सतत विचारतो. निकाल उघड आहे.

तिन्ही नियम उद्यापासून.

मंगळवार, २४ जानेवारी

घरी करार झाला. आईने पुन्हा पनवेलच्या स्थळाचा विषय काढला. हे स्थळ शेजारच्या केशरबाईंनी आणलेलं आहे आणि त्या ते दररोज नव्याने आणतात. "सत्तावीस पुरं झाली तुना," आई म्हणाली. मी आकडा नाकारला नाही. म्हणाले, एक एप्रिलपर्यंत इन-चार्ज झाले तर दोन वर्षं हा विषय बंद. नाही झाले तर पनवेलकरांपुढे पोहे घेऊन येईन, तक्रार न करता.

आई तयार झाली. फारच पटकन.

बाबांचं मत: "खुर्ची मिलाली त बरं. नाय मिलाली तरी काय, ती जमीनच आपली व्हती. तुजी लॅब हाय ना, तिथं आपली म्हस बसायची."

मी सांगितलं, आता तिथे वाफा ओढून घेणारं कपाट, फ्यूम कपबोर्ड आहे.

"तीच जागा," बाबा म्हणाले.

शनिवार, २८ जानेवारी

हसणं बंद करून पाच दिवस. वाटलं त्यापेक्षा श्रमाचं काम आहे. चांगला उपाय सापडला: दात एकमेकांवर घट्ट दाबून ठेवायचे. चेहरा आपोआप स्थिर राहतो. संध्याकाळी गाल दुखतात.

परिणाम मात्र लगेच दिसला. मधु मेथिल ऑरेंजची बाटली मागायला आला आणि बाटली न घेताच परत गेला.

शिबिरातल्या भाषणासाठी टिपणं काढायला सुरुवात करत आहे. शीर्षक: ‘पुढच्या मुलींसाठी’.

पुढच्या मुलींसाठी: आदर पहिल्या आठवड्यातच सुरू होतो.

शनिवार, ४ फेब्रुवारी

कॅन्टीनमधून माझा चहा आता वेगळा येतो. कोमट. सोबत बशीत एक लवंग. मागितलं नव्हतं. लेले साहेबांनासुद्धा त्यांच्या एवढ्या वर्षांत वेगळा चहा आला नाही.

मालनबाई, आमच्या बाटल्या धुणाऱ्या, माझ्याशी हळू आवाजात बोलतात. त्या कोणाशीच हळू बोलत नाहीत. नवऱ्याशी तर गेटवरून बोलतात आणि तो पंपहाउसमध्ये असतो.

रविवार, १२ फेब्रुवारी

नव्या पिवळ्या रंगाची पद्धत लॅबमध्ये पूर्ण झाली. वर्षभराचं काम. चार वेळा केली, चारही वेळा उतारा, म्हणजे हाती आलेला माल, सारखा. आता हीच गोष्ट प्लांटवर मोठ्या रिअॅक्टरमध्ये करायची. रिपोर्ट वर्क्स मॅनेजर कर्णिक साहेबांना दिला. "वा! चार्ज कधी घ्यायचा?" म्हणाले.

इथे एक नोंद. आमच्याकडे ‘चार्ज’ म्हणजे रिअॅक्टरमध्ये माल टाकणं. ‘आज चार्ज घेतला का?’ हे रोज कानावर पडतं. ऑफिसात मात्र ‘चार्ज घेणं’ म्हणजे पदाची सूत्रं घेणं. एकाच गेटच्या आत एका शब्दाचे दोन अर्थ. यातून कधीतरी कोणीतरी घोटाळा करेल. इन-चार्ज झाल्यावर याबद्दल परिपत्रक काढायचं.

या रंगाची पावडर कातडीला बसली की साबणाने जात नाही. कातडी नवी येते तेव्हाच जाते. ऑपरेटर काळुराम आमच्याच सागावचा. छोट्या ट्रायलमध्ये त्याचे हात पिवळे झाले. गावात पोरं त्याला विचारतात, "काय कालूदादा, दुसरं लगीन का?"

सोमवार, २० फेब्रुवारी

मालनबाई जवळ आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, माझा भाचा स्टेशनजवळ दातांच्या डॉक्टरकडं आहे. ओळखीनं काढून देईल. अंगावर काढू नका असं."

म्हणजे असं आहे. माझी दाढ दुखते अशी सगळ्या कंपनीची समजूत आहे. चहा कोमट त्यासाठी. लवंग त्यासाठी.

खुलासा करणार होते. तोंड उघडलंही. मग दुसरा नियम आठवला. शिवाय थंडपणे विचार केला तर समजूत निरुपद्रवी आहे. कारण काही का असेना, लोक हळू बोलतात, रस्ता देतात. परिणाम आदरासारखाच आहे. मोजमाप परिणामाचं करायचं असतं.

मालनबाईंना एवढंच म्हणाले, "बघू."

पुढच्या मुलींसाठी: अफवा पसरल्यास पसरू द्यावी. आपण आपलं काम करत राहावं.

बुधवार, १५ मार्च

कर्णिक साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. मी समोरच्या खुर्चीत बसले, कडेच्या नाही.

"काय म्हणतंय आता?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे," मी म्हणाले. प्रश्न अस्पष्ट असला की उत्तरही तेवढंच द्यावं.

"फार ताण घेऊ नका. सहन करायलाही मर्यादा असते. माझ्या मिसेसने असंच दुर्लक्ष केलं होतं."

मिसेसचा संबंध नीट कळला नाही. कदाचित त्याही नोकरी करत असाव्यात. एवढं मात्र स्पष्ट आहे की साहेब माझी सहनशक्ती तपासून पाहत होते. वरच्या पदासाठी ती लागते. मी दात आवळून म्हणाले, "मला सवय आहे."

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. प्रभाव पडला.

बुधवार, २२ मार्च

शिमगा. गाव होळीवर. मी घरीच थांबले. रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला रंगाचं काय.

केशरबाई नैवेद्याच्या पोळ्या द्यायला आल्या. "काय गो शालू, दाढ दुखतं तुजी? कालू सांगत व्हता. तरीच म्हनलं ही हसत कशी नाय." मी काही बोलले नाही. त्या म्हणाल्या, "तोंड उघरतच नाय बग पोरीचं. पनवेलवाल्यांना सांगतंव, पोर लय गुनाची, उलटून बोलत नाय."

अफवा गावापर्यंत पोहोचली आहे आणि माझा भाव वाढवत आहे. चुकीच्या बाजारात.

गाल फार दुखतात. सकाळी उठल्यावरही दात आवळलेले असतात. झोपेतही हसत नाही, असं म्हणता येईल.

सोमवार, २७ मार्च

झालं.

दुपारी कर्णिक साहेब लॅबच्या दारात आले. घाईत होते. हे त्यांचे शब्द, जसेच्या तसे: "मॅडम, एक तारखेचा चार्ज तुम्हीच घ्या. पहिलाच आहे, तुमच्या हातून होऊ दे. नारळ-बिरळ मी सांगितलाय."

मी म्हणाले, "घेते." प्रश्न एकही विचारला नाही. तिसरा नियम. मिसेस दळवी तिथे हव्या होत्या.

नंतर शांतपणे पडताळणी केली. मी भावनेच्या आहारी जात नाही. ‘चार्ज’ म्हणजे रिअॅक्टरचा असू शकतो का? नाही. रिअॅक्टरचा चार्ज प्रॉडक्शनची माणसं घेतात, मी लॅबची आहे. ‘एक तारीख’: लेले साहेब जातात त्याच्या दुसऱ्या दिवशी. ‘पहिलाच आहे’: आमच्या कंपनीत आजपर्यंत एकही बाई इन-चार्ज झालेली नाही. नारळ: माल टाकायला कोण नारळ फोडतं?

चारही पुरावे एकाच दिशेला. चार वेळा उतारा सारखा.

घरी सांगितलं. आई चूल फुंकत होती, ती फुंकतच राहिली. मग म्हणाली, "मंग पनवेलवाल्यांना नाय सांगू?"

"नाही म्हणूनच सांग," मी म्हणाले.

तिने पदराने डोळे पुसले. धूर होता.

बाबांनी विचारलं, "लेखी दिलंय?" जुन्या माणसांना प्रत्येक गोष्ट लेखी लागते. एमआयडीसीने त्यांची जमीन घेतली तेव्हा सगळं लेखी होतं आणि तरीही काय झालं, याची मी आठवण करून दिली.

मंगळवार, २८ मार्च

तयारी. पेढे, दोन किलो, फडके रोडवरून, शनिवारी सकाळी घ्यायचे. साडी: मोतिया रंगाची, हिरवा काठ, अजून घडी न मोडलेली. भाषण: छोटं. सुरुवात, "सहकाऱ्यांनो, माझ्यावर टाकलेला विश्वास..."

काळुराम स्टोअरपाशी भेटला. गावात तो मला शालू म्हणतो, कंपनीत मॅडम. म्हणाला, "मॅडम, शनवारी चार्ज तुमी घेणार ना? साडी नका नेसू. जुना ड्रेस घाला कायतरी."

मिसेस दळवींनी नेमका हाच इशारा दिला होता. बाई वर चढली की लोक तिच्या कपड्यांवर बोलू लागतात. काळुरामकडून ही अपेक्षा नव्हती. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"नाय, म्हणजे तुमची मर्जी," तो म्हणाला.

गुरुवार, ३० मार्च

उद्या शुक्रवार, सुट्टी, म्हणून लेले साहेबांचा निरोप आजच झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. लेले साहेबांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्याऐवजी कर्णिक साहेबांच्या हातात दिल्या. बरोबर आहे, किल्ल्या वरून खाली यायला हव्यात.

मधुने मात्र आज स्वतःचं फार नुकसान करून घेतलं. लेले साहेबांना घेऊन बसला आणि सारखा विचारत होता. महिन्याचा रिपोर्ट कोणाला जातो, ग्राहकाची तक्रार आली तर आधी कोणाला फोन, कोणती किल्ली कोणत्या कपाटाची. मग माझ्याकडे आला, "मॅडम, तुम्ही आहात ना मला सांभाळून घ्यायला?" आणि हसला.

एवढे प्रश्न विचारणाऱ्याला कोणी पद देत नाही. मला त्याची थोडी कीव आली. नव्या साहेबाची मर्जी संपादन करायचा त्याचा प्रयत्न कळत होता. "बघू," मी म्हणाले.

शनिवार, १ एप्रिल. दुपार.

घरी आहे. अर्धा दिवस दिला, आंघोळीसाठी.

क्रमाने लिहिते.

सकाळी पेढे घेऊन पोहोचले. मोतिया साडी. सरळ लेले साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मधु त्यांच्या खुर्चीत बसून तिची उंची जुळवत होता. मला वाटलं, माझ्यासाठी. मी म्हणाले, अजून जरा खाली. त्याने केली.

तेवढ्यात कर्णिक साहेब दारात. "अहो, इथे काय करताय? वर चला, काळुराम खोळंबलाय."

वर म्हणजे रिअॅक्टरच्या प्लॅटफॉर्मवर. मला वाटलं, समारंभ सगळ्या कामगारांसमोर करायचा आहे. चांगली कल्पना. लोखंडी जिना साडी सावरत चढले. रिअॅक्टरला झेंडूचा हार होता, अगरबत्ती होती, पिवळ्या पावडरच्या पिशव्या ओळीने उभ्या होत्या. नारळ साहेबांनी फोडला. काळुरामने मला मास्क दिला. मास्क लावला असता तर भाषण ऐकू गेलं नसतं. नाही लावला.

सुरुवात केली. "सहकाऱ्यांनो, माझ्यावर टाकलेला..."

ब्लोअरच्या आवाजात काळुरामला फक्त ‘टाक’ ऐकू आलं. त्याने पिशवी टाकली.

पिवळा ढग माझ्या उंचीएवढा असावा. तो खाली बसला तेव्हा मी तिथेच उभी होते आणि मोतिया साडी नव्हती. होती ती पिवळी होती. हात, मान, केस, पापण्या. कर्णिक साहेब टाळ्या वाजवत होते. "मस्त! तुमची पद्धत, तुमच्याच हातून पहिला चार्ज! म्हटलं मान तुमचा आहे."

‘चार्ज’ या शब्दाचे दोन्ही अर्थ मला फेब्रुवारीपासून माहीत आहेत. तारखेसकट लिहून ठेवलेले आहेत.

खाली उतरताना साहेब बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, लेल्यांच्या जागी मधुला घेतलंय आजपासून. मनाला लावून घेऊ नका. पहिलं नाव तुमचंच होतं, मी स्वतः घातलं होतं. पण दोन महिने पाहतोय, तुमची ती दाढ... तुम्हीच म्हणालात, सवय झालीय. माणूस एवढं सोसतंय आणि आपण वर आणखी भार टाकायचा, मला पटेना. आधी बरं वाटू दे. पुढे बघू."

मी खुलासा करण्यासाठी तोंड उघडलं.

"बोलू नका, बोलू नका," ते म्हणाले, "त्रास होईल."

पेढे वाटले गेले. लोकांना वाटलं, चार्जचे. मधुने दोन खाल्ले आणि मला म्हणाला, "तुम्ही नका खाऊ मॅडम, गोड लागेल दाढेला."

घरी येताना गल्लीच्या तोंडाशी केशरबाई. दोन्ही हात गालावर. "अगो बाय! काय गो शालू, हलद कवा लागली? आमाना बोलावलं पन नाय!" मग मोठ्याने, आमच्या घराकडे तोंड करून, "आवडाबाय! तुजी पोर हलदीत न्हाऊन आयली, आनि तू मना सांगतंस पनवेलला नाय कलव!"

आई बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं. "झालीस का इन-चार्ज?" तिने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. पावडर उडाली.

तिने बंबात लाकडं घातली. पाठ तिनेच चोळली, उगाच, जात नाही हे मी सांगितलं तरी. करार करार आहे असं मी आपण होऊन म्हणाले. ती म्हणाली, "आदी ही पिवली जाऊ दे. अशी बगून त्यांना वाटंल, कावील झालेली पोर खपवतंय."

बाबा ओटीवर बसून होते. म्हणाले, "म्हस बसायची तवा नुसता शेन लागायचा. धुतला की जायचा."

पुढच्या मुलींसाठी: चार्जच्या दिवशी जुना ड्रेस घालावा.

रविवार, २ एप्रिल

रात्री ठरवलं होतं ते केलं. सकाळी कर्णिक साहेबांकडे गेले. तिन्ही नियम मोडायचे, ते क्रमाने: आधी हसायचं, मग खुलासा करायचा, मग विचारायचं, की सर, माझी दाढ कधीच दुखत नव्हती, तर आता माझ्या नावाचं काय? वाक्य पाठ होतं. काल बाबांसमोर म्हणूनही पाहिलं. "आसंच बोल," बाबा म्हणाले, "पन आदी हस."

दारात उभी राहून हसले. दोन महिन्यांनी, पूर्ण, सगळे दात दिसतील असं. पिवळ्या चेहऱ्यावर ते कसं दिसलं असेल याची कल्पना आहे.

साहेब खुर्चीतून उठले. "अरे वा! काढली वाटतं! काल अर्ध्या दिवसात काढून आलात? कमाल आहे तुमची." त्यांना खरोखर आनंद झाला होता. असा निर्मळ आनंद माझ्यासाठी कंपनीत कोणाला झालेला मी पाहिला नाही. मालनबाई दारामागेच होत्या. "माझ्या भाच्याकडंच ना?" त्यांनी विचारलं. त्यांच्या तर डोळ्यांत पाणी.

वाक्य तयार होतं. फार थकवा आला.

"हो," मी म्हणाले, "काढली."

"मग आता एक करा," साहेब म्हणाले, "मधुला जरा शिकवा. तो विचारतोय सारखा, आणि सगळं तुम्हालाच माहीत."

शिकवायला घेतलं आहे. तो विचारतो, मी सांगते. आजचा पहिला प्रश्न होता, परिपत्रक कसं काढतात.

पिवळा जायला पंधरा दिवस. त्यानंतर पनवेलकर.

दुपारपासून उजवीकडची खालची दाढ दुखते आहे. दोन महिने आवळून ठेवल्याने असणार. खरोखर दुखते, ठणका कानापर्यंत जातो. कॅन्टीनचा चहा आला तो कडकडीत, बशीत लवंग नाही. मागणार होते. पण काढलेली दाढ दुखते हे कोणाला सांगणार?